ऐन उन्हाळ्यात ऐन काय करतो?

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज चाळले तर निम्म्याहून जास्त प्रश्न ऊन, दुष्काळ आणि जंगलाचेच, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. आंब्यावरच्या तुडतुड्यांचं विचारणाऱ्यांनी जरा दम धरा, पुढच्या अंकात घेतो. नेहमीसारखं नाव छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न : आमचं घर जांबोटीच्या अलीकडं, जंगलाला लागूनच. मागं गावात कार्यक्रम झाला त्यात एक साहेब म्हणाले की जंगल हवेतला कार्बन ओढून घेतंय म्हणून आपण तगलोय. बरं. पण आमच्या समोरचा डोंगर फेब्रुवारीपासनं नुसता काड्या काड्या दिसालाय, ऐन नाही, किंजळ नाही, कशाला पान म्हणून नाही. पानच नाही तर ओढालंय कशानं? आणि यंदा तर ऊन असं की काही झाडं वाळली की झोपली तेच कळंना.
(निवृत्त पोस्टमन, खानापूर तालुका)

उत्तर : मामा, पान नाही तर ओढत नाही, सरळ आहे. झाड कार्बन घेतं ते पानातनं. पानाच्या पाठीवर अगदी बारीक भोकं असतात, त्यातनं हवा आत जाते, उन्हाच्या जोरावर त्यातल्या कार्बनची साखर होते आणि त्या साखरेचंच पुढं लाकूड, साल, मूळ सगळं होतं. पूर्ण वाळलेलं लाकूड १०० किलो घेतलं तर त्यात ४७ ते ५० किलो निव्वळ कार्बन असतो, आणि असा १ किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, आता बघा समोरच्या डोंगरावर किती धरून ठेवलंय ते.

पानं गेली तरी खोड आणि मुळं जिवंत असतात, त्यांना जगायला साठवलेली साखर वापरावी लागते आणि त्यातनं कार्बन डायऑक्साइड परत बाहेर पडतो. खालचा पालापाचोळा खाणारी बुरशी, जंतू, वाळवी यांचंही तेच चाललेलं असतं. म्हणजे मार्च-एप्रिलात तुमचा डोंगर घेतो कमी आणि सोडतो जास्त, आणि यात बिघडलेलं काही नाही, दरवर्षीचंच आहे. मे मधे ऐनाला पाऊस यायच्या आधीच पालवी फुटते, मग पावसाळा आणि त्यानंतरचे ओलीचे महिने भरून काढतात, वर्षाचा हिशेब घेतला तर घेतलेलं जास्त निघतं. साहेब वर्षाचं बोलले, तुम्ही एप्रिलचं विचारालाय, दोन्ही खरंच आहे.

आता दुष्काळानं काय होतं ते बघू, कारण खरी भानगड तिथं आहे. पाऊस लवकर गेला तर पान लवकर गळतं, जून कोरडा गेला तर नवं पान धड भरत नाही, म्हणजे कमाईचे महिने दोन्ही बाजूंनी कापले जातात. वर उन्हाचा मार वेगळाच. हवा १ अंशानं तापली की तिची पाण्याची वाफ धरायची ताकद ६-७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळं अशी कोरडी तापलेली हवा पानातनं पाणी ओढायला बघते, झाड घाबरून भोकं मिटून घेतं, पाणी वाचतं खरं पण कार्बन आत यायचं दारही तेच, ते बंद. घाम येणं थांबल्यावर पान हवेपेक्षाही जास्त तापतं. आणि श्वसन, म्हणजे साठवलेली साखर वापरून कार्बन डायऑक्साइड सोडणं, ते तर उष्णतेनं वाढतच जातं, जंतू-बुरशीचं धरलं तर ढोबळमानानं १० अंशाला दुप्पट. येणं कमी आणि जाणं जास्त, दोन्ही एकाच वेळी.

यापुढची पायरी म्हणजे झाड मरणं. मुळापासनं शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड धार केसापेक्षा बारीक नळ्यांतनं ताणून वर जात असते, खाली ओल नाही आणि वरनं ओढ जास्त असं झालं की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धार तुटते. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर एअर धरते, आवाज येतो पण पाणी येत नाही, तसंच. थोड्या नळ्यांनी फरक पडत नाही, पण बऱ्याच बंद पडल्या की आधी शेंडा वाळतो, मग फांद्या, मग झाड. तुमचं झाड झोपलंय की वाळलंय ते बघायचं असेल तर बारक्या फांदीची साल नखानं खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर झोपलंय. एका फांदीवरनं निकाल देऊ नका, तीन-चार बघा.

यात सगळ्यांत मोठा मार बसतो मोठ्या झाडांना, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. जगभरच्या जंगलांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की दुष्काळात थोराड झाडं जास्त मरतात, पाणी चढवायची उंची जास्त आणि डोकं उघड्या उन्हात. आणि दुसऱ्या एका अभ्यासात, जगातल्या ४८ मोठ्या प्लॉटमधली झाडं मोजून असं निघालं की सगळ्यांत मोठ्या १ टक्का झाडांत जमिनीवरच्या एकूण जिवंत लाकडातला जवळपास निम्मा वाटा असतो. म्हणजे दुष्काळ बरोबर जिथं माल जास्त तिथंच हात घालतो. पाऊस परत नीट झाला तरी झाडाची वाढ पुढची १ ते ४ वर्षं मागंच राहते. २०२३ साली आपल्या कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पिकांचे पंचनामे झाले, भरपाईवरनं भांडणं झाली, सगळं झालं. जंगलाचा पंचनामा करायला कोण गेलं होतं?

प्रश्न : मी कणकुंबीची. आमच्याकडं चार महिने छत्री मिटत नाही, आमगाव काय, चोर्ला काय, सगळीकडं धो धो. मी म्हटलं दुष्काळाचा त्रास आपल्या जंगलाला पण होणार, तर घरातले सगळे हसालेत. दुष्काळ म्हणजे अथणी-रायबागकडं म्हणे. कोण बरोबर?
(गृहिणी, कणकुंबी)

उत्तर : ताई, हसणाऱ्यांना मे महिन्यात मलप्रभेच्या उगमाकडं घेऊन जा आणि विचारा पाणी किती आहे. पाऊस एकूण किती पडला त्याला झाडाच्या लेखी तेवढी किंमत नसते, दोन पावसांच्या मधे कोरडे दिवस किती गेले त्याला असते. आपल्या पश्चिमेच्या डोंगरांवर जांभा दगड, वर माती पातळ, चार महिन्यांचं पाणी मलप्रभेला नाहीतर म्हादईला मिळून निघून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासनं झाडांनी जगायचं ते मुळाशी राहिलेल्या ओलीवर आणि धुक्या-दवावर. अशात एखाद्या वर्षी वळीव आलाच नाही आणि जून पण रडत आला, तर कोरडे महिने सात-आठ होतात.

अथणीकडची बाभूळ, बोर ही झाडं टंचाईतच वाढलेली, त्यांना सवय आहे. भीमगडच्या बाजूची सदाहरित झाडं मात्र पान गाळत नाहीत, भर मे मधे पण त्यांच्या अंगावर पूर्ण पानं असतात आणि त्या सगळ्या पानांना पाणी लागतं. म्हणजे पाऊस जास्त तिथलं झाड दुष्काळाला जास्त कच्चं, असं व्हायला पुष्कळ वाव आहे. २०२० साली जगातल्या उष्ण प्रदेशांतल्या ओल्या जंगलांतले ५९० प्लॉट एकत्र करून एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की सगळ्यांत तापलेल्या महिन्यातलं दिवसाचं सरासरी कमाल तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की जंगलात साठून राहणारा कार्बन झपाट्यानं घटायला लागतो. बेळगाव शहरात एप्रिलचं सरासरी कमाल तापमान ३५ च्या पुढंच असतं, घाटमाथ्यावर झाडीमुळं आणि उंचीमुळं कमी, पण ही जी सूट मिळालीय ती झाडी आहे तोवरच आहे, झाडी काढली की तिथंही उघड्या माळासारखंच तापणार. (हा आकडा ओल्या जंगलांचा आहे, पानगळीच्या जंगलाला जसाच्या तसा लावू नका, ते मुळातच तापणाऱ्या जागी वाढलेलं असतं.)

आणखी एक, जे दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही. जंगलातला कार्बन म्हणजे नुसती झाडं नव्हेत. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या जंगलांत साधारण ७२८ कोटी टन कार्बन धरलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. माती सुकली की जंतू पण गप्प पडतात, त्यामुळं कोरड्या दिवसांत मातीतनं येणारा कार्बन उलट कमी होतो. मग वळवाचा पहिला पाऊस पडतो, आपण मातीचा वास आला म्हणून अंगणात येतो, आणि त्याच तासा-दोन तासांत सगळे जंतू एकदम जागे होऊन कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट सोडतात. याला बर्च इफेक्ट म्हणतात, आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हे नीट मोजलं होतं. कडक सुकणं आणि मग एकदम भिजणं हे जितक्या वेळा होईल तितक्या वेळा असा लोट.

आणि वणवा. सदाहरित जंगल एरवी सहसा पेटत नाही, खाली ओल असते. पण दोन कोरडी वर्षं लागोपाठ गेली की पाचोळा कुरकुरीत होतो आणि माळावरची आग आत शिरते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, तो आग झेलतो, आतल्या पातळ सालीच्या झाडांना ते जमत नाही, आणि एकदा आग येऊन गेली की वरनं उजेड पडतो, गवत-रानमोडी वाढते, पुढच्या वर्षी आग आणखी सोपी. गवत चांगलं येतं म्हणून काडी लावायची आपल्याकडची सवय जुनी आहे, पण ती ओल्या काळातली सवय आहे, आताच्या उन्हात ती परवडणारी नाही, हे मी स्पष्टच सांगतो, कोणाला राग आला तरी चालेल.

प्रश्न : कॉलेजमधे प्रेझेंटेशन आहे. इन्स्टावर बघितलं की अॅमेझॉनचं जंगल आता कार्बन घेत नाही, उलट सोडतं. हे खरं का फेक?
(बीएस्सीची विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : अर्धं खरं, आणि अर्धं खरं लिहिलंस तर सर मार्क कापणार. २०२१ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी विमानातनं अनेक वर्षं गोळा केलेले हवेचे नमुने तपासून दाखवलं की अॅमेझॉनचा आग्नेय भाग निव्वळ कार्बन सोडणारा झालाय. तिथं तोड जास्त, आगी जास्त आणि कोरडा हंगाम जास्त तापलेला. सगळं अॅमेझॉन असं झालंय असं त्यांनी म्हटलेलं नाही, ते इन्स्टावाल्यानं म्हटलंय.

तुला चांगलं उदाहरण पाहिजे तर युरोपातलं २००३ घे. त्या उन्हाळ्यात तिकडं उष्णतेची लाट आणि दुष्काळ एकदम आले, झाडापिकांची प्रकाशसंश्लेषणाची कमाई साधारण ३० टक्के घटली आणि त्या एका वर्षात जवळपास ५० कोटी टन कार्बन उलटा हवेत गेला, मागच्या चार वर्षांची साठवण पुसली गेली म्हणे ना, तसा हिशेब निघाला. अॅमेझॉनमधे २००५ ला दुष्काळ पडला, तेव्हा मेलेल्या आणि न वाढलेल्या झाडांमुळं १२० ते १६० कोटी टन कार्बनचा फटका बसला. २०१५-१६ च्या एल निनोत उपग्रहावरनं मोजलं तर उष्ण कटिबंधातल्या जमिनीनं २०११ च्या तुलनेत २५० कोटी टन कार्बन जास्त सोडला होता, आणि गंमत अशी की खंडाखंडात कारण वेगळं, दक्षिण अमेरिकेत दुष्काळानं कमाई घटली, आफ्रिकेत उष्णतेनं श्वसन वाढलं, आग्नेय आशियात आगी लागल्या. प्रेझेंटेशनमधे ही एक स्लाइड टाक, बाकी अर्धी स्लाइड कॅनडाच्या २०२३ च्या आगींना दे, त्यातनं ६४ कोटी टनांच्या आसपास कार्बन गेला.

पण शेवटच्या स्लाइडवर हेही लिही की जगातली जमीन आणि जंगलं मिळून अजूनही माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी तीस टक्क्यांच्या आसपास गिळतात. ते थांबलेलं नाही. दुष्काळी, तापलेल्या वर्षी ते खूप खाली येतं, आणि अशी वर्षं जवळजवळ यायला लागलीत.

प्रश्न : निपाणीजवळ चार एकर आहे, तंबाखू सोडायचा विचार चाललाय. एक एजंट आलाय, म्हणतोय बांधावर आणि पडीकात साग, महोगनी लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे दरवर्षी खात्यात येतील, फक्त नोंदणीची फी आधी भरा. भरू का?
(शेतकरी, निपाणी तालुका)

उत्तर : फी भरू नका. आधी पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा की दादा, तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडून निम्मी रोपं वाळली तर काय? उत्तर कागदावर मागा, मराठीत किंवा कन्नडमधे, इंग्लिश अॅग्रीमेंटवर सही करू नका.

कार्बन क्रेडिट म्हणजे तुमच्या झाडानं धरलेला कार्बन दुसऱ्या कंपनीच्या धुराच्या बदल्यात विकायचा. धूर तर शेकडो वर्षं हवेत राहणार, मग झाडानं पण तेवढं टिकायला पाहिजे, आणि दुष्काळ, आग, कीड यातनं झाड टिकंल याची खात्री कोण देणार? म्हणून चांगल्या योजनांत थोडी क्रेडिट बाजूला राखून ठेवतात, झाडं मेली तर त्यातनं भरायला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या योजनेत आगीच्या धोक्यासाठी १०० वर्षं पुरंल असं राखून ठेवलं होतं, ते दहा वर्षांच्या आतच जवळजवळ सगळं आगींनी संपवलं, असं २०२२ च्या अभ्यासात निघालं. त्याच राज्यात २०१२ ते १६ च्या दुष्काळानं १० कोटींहून जास्त झाडं मारली. सरकार, विमा, शास्त्रज्ञ सगळं असून ही गत, तर तुमच्या एजंटकडं कुठली गॅरंटी असणार.

झाडं मात्र जरूर लावा, पण तुमच्या कामाची. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, कडुनिंब, बांबू, बांधावर दोन-चार करंज. एकाच जातीची रांग लावली तर एकच दुष्काळ नाहीतर एकच कीड सगळी रांग घेऊन जाते, मिसळ लावली तर काहीतरी उरतं. पहिली तीन उन्हाळे पाणी आणि आच्छादन द्यायची तयारी असेल तेवढीच लावा, हजार लावून शंभर जगवण्यापेक्षा दीडशे लावून सव्वाशे जगवा. क्रेडिटचे पैसे पुढंमागं आलेच तर वरचे समजा.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं अन्न, ते वाढलं तर झाडं जोमानं वाढणार. मग एवढा बाऊ कशाला?
(निवृत्त इंजिनिअर, टिळकवाडी)

उत्तर : साहेब, वाढतात, नाकारत नाही. १९५८ साली हवेत दहा लाखांत ३१५ भाग होता, २०२४ मधे ४२४ च्या आसपास, आणि या वाढीचा झाडांना फायदा झालाच. पण ताट वाढलेलं असलं तरी पाण्याचा तांब्या रिकामा असला तर घास गिळायचा कसा? मातीत नायट्रोजन, फॉस्फरस, ओल हे पण लागतं. आफ्रिका आणि अॅमेझॉनमधल्या अखंड जंगलांच्या ३० वर्षांच्या नोंदी सांगतात की त्यांची कार्बन ओढायची ताकद १९९० च्या दशकात सगळ्यांत जास्त होती, तेव्हापासनं उतरतीला लागलीय. अन्न वाढत असूनही.

प्रश्न : वाळलेलं झाड तसंच ठेवलं तर कार्बन राहतो ना जंगलात?
(लोंढा)

उत्तर : राहतो, पण कायमचा नाही. वाळवी खाते. २०२२ साली जगातल्या १३३ ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून बघितलं, तर तापमान १० अंशांनी वाढलं की वाळवीचं लाकूड खाणं सहापटीहून जास्त वाढतं असं निघालं, बुरशी-जंतूंचं दुप्पटच्या आसपास. लोंढ्याच्या माणसाला वाळवी काय ते वेगळं सांगायला नको. तरी पण जंगलातलं उभं वाळकं झाड ओढून आणू नका, त्यात सुतार पक्षी, धनेश, वटवाघळं राहतात, आणि शेवटी त्याची माती जंगलातच राहते. घराला दार-चौकट म्हणून वापरलं आणि वाळवी लागू दिली नाही तर मात्र पन्नास-शंभर वर्षं टिकतं.

प्रश्न : शाळेमागं जंगलाचा पट्टा आहे. सातवी-आठवीच्या मुलांकडनं काही मोजून घेता येईल का, ज्यात दुष्काळाचा परिणाम दिसेल? साधनं म्हणजे शिलाईची टेप आहे फक्त.
(शिक्षिका, हल्याळ)

उत्तर : बाई, टेप पुरते. दक्षिणेत मुदुमलईच्या जंगलात बंगळूरच्या आयआयएससीचे (भारतीय विज्ञान संस्थेचे) लोक १९८८ पासनं ५० हेक्टरच्या एका तुकड्यात एकेका झाडाला नंबर देऊन असंच मोजत आलेत, त्यांचं मूळ काम पण घेर मोजण्याचंच. तुम्ही तीस-चाळीस झाडं धरा, चार-पाच जातींची, बारीक आणि थोराड दोन्ही. जमिनीपासनं १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, ऑइल पेंटनं बारीक रेघ मारा, खिळा ठोकू नका. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूनं उंची धरा. दरवर्षी त्याच रेघेवर घेर मोजायचा आणि वहीत तारीख, जात, घेर, शेंडा हिरवा की वाळका, बुंध्याला आगीची खूण आहे का, एवढं लिहायचं.

एक गोष्ट सांभाळा. खोड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, अगदी एका दिवसात सुद्धा सकाळी थोडं जास्त आणि दुपारी थोडं कमी भरतं, त्यामुळं एका वर्षी सप्टेंबरात आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलात मोजलं तर झाड बारीक झालं असं दिसेल आणि मुलं गोंधळतील. महिना एकच ठेवा, डिसेंबर चांगला, शाळा पण असते, आणि वेळ सकाळची. घेरावरनं कार्बनचा आकडा काढायच्या मागं लगेच लागू नका, प्रत्येक जातीचं सूत्र वेगळं असतं, ऐनाचं सागाला चालत नाही. घेराची वाढ कोरड्या वर्षी किती आणि पावसाच्या वर्षी किती एवढंच ग्राफ पेपरवर काढू दे, शेजारी त्या वर्षाचा तालुक्याचा पाऊस. आणि एखादं झाड वाळलं की मुलं त्याचं नाव यादीतनं खोडायला बघतील, ते करू देऊ नका, वाळलं ते वर्ष लिहून नंबर तसाच ठेवायचा, ते कधी पडलं आणि पडल्यावर किती वर्षांत संपलं हे पण मोजायचंच आहे.